होडीला दिलेलं माप

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

आलो बाबा एकदाचा. काटेवाडीतनं बारामती, बारामतीतनं इंदापूर यष्टीनं, आन् तितनं फुडं सौरभच्या गाडीवर, पिशवी पोटाशी धरून. दसऱ्याचं सोनं अजून खिशात होतं, त्याचा पार चुरा झालाय.

ही डायरी बियाण्याच्या दुकानातनं फुकट मिळालेली, गेल्या साली. वैष्णवीनं दिली. तारखा खोडून नव्या घालतोय. बारकी बहीण हाय, पण हुकूम मोठ्या बहिणीचा. त्याचं कारण सांगतो. आषाढात मी तिला फोन करून सांगितलं, की मी कालव्यात पडलोय, हात सुटत चाललाय. ती बया अनवाणी पळत आली उसातनं. पायात बाभळीचा काटा आरपार. आन् मी बांधावर बसून टाळ्या वाजवतोय. आठ दिस बोलली न्हाय. मग ही डायरी हातात दिली आन् म्हणली, जगाशी काय खोटं बोलायचं ते बोल दादा, पर ह्यात खोटं लिहायचं न्हाय. शपथ घातली. म्हणून ह्यात खरंच लिहिणार.

खरं म्हणजे बारामतीच्या ट्रॉली वर्कशॉपातनं मला हाकललंय. मालकाच्या खुर्चीखाली ट्रकचा हॉर्न जोडला होता. मालक बसला, हॉर्न वाजला, आन् चहाची बशी थेट मिस्तरीच्या टाळक्यात. माझं हसू थांबंना, त्याच्यावरनं घावलो.

मग सौरभनं हे काम बघितलं. सौरभ म्हणजे माझा शाळेपासनंचा साथीदार. अर्ध्या खोड्या त्याच्या डोक्यातल्या, मार मात्र सगळा मला. वैष्णवी त्याला बी राखी बांधती. अजून मनगटावर हाय त्याच्या, पार काळी पडलीय.

जागा झकास. उजनीचं पाणी पार नजर जाईल तितवर. काठाला पत्र्याचं शेड, शेडात मी आन् सौरभ, शेजारच्या खोलीत अप्पा. अप्पाची मासेमारी हाय. साठीचा, काटकुळा, आवाज मऊ. आल्या आल्या चिलापीचं कालवण आन् बाजरीची भाकरी वाढली. जेव लेका, म्हणला, लाजू नको.

काम काय, तर होडी. हितल्या होड्या लाकडाच्या न्हायतर साध्या पत्र्याच्या. ही ॲल्युमिनियमची, चौदा फुटी, अप्पानं कधीकाळी भंगारातनं उचललेली. गेल्या साली ट्रेलरचा आस मोडला आन् उतारावर ट्रेलरसकट कलंडली. तवापासनं ताडपत्रीखाली. दोन्ही नीट करून भाऊबीजेला पाण्यात घालायची. मी म्हणलं, दिवाळीला घरी जायचं होतं. अप्पा म्हणला, होडी सोडली की जा की.

सौरभ आधीच्या साली बी हितंच होता. त्याच्या कानात कापूस असतो सारखा. पाणी गेलंय म्हणतो. वर्ष झालं म्हणं. मी म्हणलं, मासा घुसला आसंल. हसला न्हाय.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज माझं माप घेतलं. हसू नगा.

हितली रीत अशी, की जो होडी वल्हवणार त्याचं माप सुती दोऱ्यानं घ्यायचं. त्याच्यावरनं बसायची फळी कुठं ठोकायची, वल्ही किती लांब, हे ठरतं. अप्पा म्हणला, पयली फेरी तूच मार, तू दुरुस्त केली तर मान तुझा. मी खूश. आपल्याला कोण मान देतंय.

भिंतीला पाठ लावून उभं केलं. दोरा टाचेपासनं वर. घोट्याला गाठ, गुडघ्याला गाठ, कमरेला, खांद्याला, डोक्याला. अप्पा गाठ मारताना काहीतरी पुटपुटत होता. इतकं तोंड गंभीर, जणू नवरदेवाचं माप घेतंय. मग माझ्या अंगात किडा वळवळला. माझी पँट ढगळी, गुडघे वाकवले तर कळत न्हाय. हळूच वाकवले. वीतभर खाली आलो. पार वैष्णवीएवढा झालो. घरी खांबाला आमच्या दोघांच्या उंचीच्या रेघा हायत, दोघात बरोब्बर एक वीत.

अप्पाला काय कळलं न्हाय. चष्मा त्याचा दोरीनं बांधलेला. आता वल्ही आखूड होतील आन् फळी नको तितं यील, मग अप्पाचं तोंड बघायचं. सौरभला सांगणार न्हाय. त्यालाच आधी फसवायचं.

६ ऑक्टोबर, सोमवार

दोन दिस ट्रेलर केला. जुना आस गंजून पोळीगत सुटला. नवा बसवला, बेअरिंगा रॉकेलनं धुतल्या, ग्रीस भरलं. स्प्रिंगचे पाटे ठोकून बसवले. होडी सरकवायच्या मागच्या रोळ्या फिरंनात, त्या बी मोकळ्या केल्या. माझ्या हाताला गुण हाय, हे वर्कशॉपात कुणी बोललं न्हाय. अप्पा बोलला.

होडी उलटी घातली. पोचे लई. वाळूची पिशवी आतनं लावून बाहेरनं लाकडी हातोड्यानं ठोकायचं, म्हणजे पत्रा फाटत न्हाय. पण एक गंमत हाय. दगडाला धडकली तर पोचा आत जातो. हे सगळे पोचे आतनं बाहेर आलेत. चारचार जवळजवळ, एका ओळीत. मूठ आवळून माझी बोटं लावून बघितली. बसली.

अप्पा म्हणला, कलंडली तवा आतला दगडाचा नांगर आपटला.

काठावर बनाबाई म्हणून एक मावशी मासं धुवाय येती. टोपली डोक्यावर, जीभ तिखट. मी म्हणलं, मावशी, फेरी मारता का होडीत. म्हणली, तुझ्या आयनं तुला एवढ्यासाठी पोसला का रं? आन् होडीपासनं चार हात लांबनं गेली.

८ ऑक्टोबर, बुधवार

गळती बघायची सोपी रीत हाय. होडी ट्रेलरवर सुलटी ठिवायची, तळाच्या भोकाला बुच लावायचं आन् आत पाणी भरायचं. मग खाली वाकून बघायचं पत्रे जोडणाऱ्या कुठल्या रिबिटीतनं टिपकतंय. तिथं खडूनं गोल.

भरलं. खाली झोपून खडू मारत गेलो. चाळीसेक गोल झाले. बाहेर येऊन लांबनं बघतो तर गोलांचं चित्र झालेलं. डोकं, खांदे, हात अंगाशी, पाय. पालथं झोपलेलं माणूस.

वा रे सौरभ! म्हणलं, पोरानं रिबिटी आधीच ढिल्या करून ठिवल्या. असली बारीक खोडी मला बी सुचली नसती. मी बी कमी न्हाय, खाली शिरून त्या चित्राच्या बरोबर खाली झोपलो आन् सौरभला हाक मारली. माझं डोकं डोक्याखाली, पण पाय वीतभर बाहेर. सौरभनं बघितलं आन् पार पांढरा पडला. झोपू नकोस तिथं, म्हणला. एवढंच.

ॲक्टिंग बी शिकलाय.

११ ऑक्टोबर, शनिवार

जुन्या रिबिटी ड्रिल मारून काढल्या, नव्या ठोकल्या. गळती बंद.

बसायच्या फळ्या म्हणजे पत्र्याच्या बंद पेट्या हायत, आत थर्माकोल, होडी बुडू नये म्हणून. मधली पेटी उघडली. अप्पानं आधीच बजावलं होतं, आत काय निघंल ते न उघडता चुलीत टाक. मला न उघडता म्हणलं की संपलंच. थर्माकोलच्या आत तीन पुडक्या, प्लास्टिकात. चुलीत तीन चिंध्या टाकल्या आन् पुडक्या माझ्या पिशवीत. दोऱ्याच्या लड्या हायत. गाठी मारलेल्या, पाचपाच. दोन कुजक्या, एक नवी.

मग अप्पानं नवी पुडकी दिली. पूजेचं हाय, म्हणला, थर्माकोलात ठिव आन् पेटी बंद कर. माझ्याच हातानं ठिवली. माझ्याच हातानं बारा रिबिटी ठोकल्या. आत माझाच दोरा आसंल, मी वळखला. म्हणलं आसंल रीत.

दुपारी सौरभनं कानातला कापूस काढून फेकला. सारखी मान हलवून बघत होता. मग गाणं म्हणाय लागला, जेवणात दुसऱ्यांदा कालवण घेतलं, माझ्या पाठीवर थाप मारली. वर्षानं पयल्यांदा बरा दिसला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ॲल्युमिनियमला साधा रंग धरत न्हाय, आधी त्याचा येगळा प्रायमर लागतो. काल तो मारला, आज निळा रंग. आतनं पांढरा. सकाळी बघतो तर आतल्या पांढऱ्यावर पुढच्या टोकाला ओल्या रेघा, लांब लांब, बारीक. ओले केस चिकटून उचलल्यावर राहत्यात तशा. सौरभला म्हणलं, तुझी खोडी का? न्हाय म्हणला. परत घासला, परत मारला.

वैष्णवीचा फोन आलता. भाऊबीजेला यणार का विचारत होती. मधीच म्हणली, दादा, कानात पाणी गेल्यागत होतंय शनवारपासनं. एका पायावर उड्या मारल्या तरी जाईना. मी म्हणलं, मेंदू वितळतोय, लई अभ्यास करू नकोस. शिव्या दिल्या.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज हसायचा मूड न्हाय.

बनाबाईची जरा मजा करावी म्हणून दोऱ्याच्या लड्या घेऊन काठावर गेलो. म्हणलं मावशी, गळाचा दोरा विकत घेता का? एक कुजकी लडी पुढं केली. तिनं हात पुसला. लडी उलगडली. टोक पायाखाली धरलं आन् दोरा वर वर नेला, स्वतःच्या डोक्याच्या वर, हात पुरंना तितवर. आन् तसाच हात वर धरून उभी राहिली. रडली न्हाय. म्हणली, एवढाच होता माझा लेक, माझा माऊली. दारात वाकून यायचा.

मग तिनं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो.

माप घ्यायची रीत खरी हाय, सगळ्या होड्यांची हाय. पण होडी सोडायच्या आधी दोरा काढायचा, गाठी सोडायच्या आन् दोरा पाण्यात द्यायचा. माणूस मोकळा होतो. ह्या होडीत पयलं माप अप्पानं स्वतःचं दिलं आन् घाईत सोडायचं राहून गेलं. दोरा आतच कुजून गेला आन् होडीनं त्याला धरलं. कानात पाणी, उशीत पाणी. मग अप्पानं शोधून काढलं, की नवं माप होडीच्या अंगाला लागलं की जुनं सुटतं. माऊलीला कामाला ठिवला. होडी तिसऱ्या दिशी काठाला आली, मोकळी. आतनं ठोकरून आलेली. माणूस गेला की पाणी परत अप्पाच्या कानात. मग दुसरा पोरगा आणला. तो बी तसाच.

मी म्हणलं, मावशी तुमी कुणाला सांगितलं न्हाय? म्हणली, सांगितलं की. पोरगं पव्हता येत नसताना गेलं, लोक म्हणले.

दोघं गेले. दोन कुजक्या लड्या. मग तिसरी नवी कुणाची?

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

दुपारचं जेवून सौरभ शेडात आडवा झाला. घोरत होता. तिसरी लडी काढली आन् त्याच्या टाचेपासनं हळूच वर नेली.

घोटा. गुडघा. कंबर. खांदा. डोकं.

पाची गाठी पाची ठिकाणी.

लडी गुंडाळून परत पिशवीत ठिवली. बाहेर जाऊन काठाला बसलो. सातवीत मास्तरच्या सायकलची हवा आमी दोघांनी सोडली होती. मार खाताना मी त्याचं नाव तोंडातनं काढलं न्हाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार

विचारलं. लडी पुढ्यात टाकली आन् विचारलं.

पयलं न्हाय न्हाय म्हणला. मग खाली बसला. म्हणला, माप घेतलं आन् आठ दिसात ट्रेलरचा आस मोडला, म्हणून वाचलो. पण वर्षभर कानात पाणी. सकाळी उठलं की उशी पिळावी लागायची. आन् पाण्यातनं कोणतरी टकटक करतंय असं ऐकू यायचं, पत्र्यावर केल्यागत. अप्पा म्हणला, दोरा कुजायच्या आत होडी पाण्यात गेली पायजे, न्हायतर पाणी परत माझ्यावर यील, तवा तू जा, न्हायतर दुसरा आण. म्हणून आणला.

मी म्हणलं, मीच का रं?

त्यावर तो जे बोलला ते आयुष्यभर विसरणार न्हाय. म्हणला, तुझं कोण खरं मानणार, जोत्या? तू बुडतोय म्हणून फोन केलास तरी लोक हसणार.

रडत होता. नाकातनं शेंबूड. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो आन् आतनं मला हसू फुटत होतं. कारण त्याला माहीत न्हाय, ते माप माझं न्हायच! मी गुडघे वाकवले होते. ह्या दोघांनी माझा जीव होडीला बांधला आन् गाठीत कोणच न्हाय. माझे कान कोरडे खडखडीत. ठरवलं, काय बोलायचं न्हाय. भाऊबीजेला होडीत ऐटीत बसायचं, फेरी मारून परत यायचं आन् अप्पाच्या तोंडावर टाळ्या वाजवायच्या. मग सौरभशी जन्मभर बोलायचं न्हाय.

आज रंगावरच्या त्या ओल्या रेघांचा हिशेब लागला, ती सौरभची खोडी नव्हती. पण मला काय.

२० ऑक्टोबर, सोमवार

आईचा फोन. दिवाळीच्या पयल्या अंघोळीला उठवाय गेली तर वैष्णवीची उशी ओलीचिंब. पांघरूण बी. केस वाळतच न्हायत. बारामतीला कानाच्या डॉक्टरकडं नेलं, त्यानं बॅटरी लावून बघितलं, कान कोरडा म्हणला.

आन् म्हणं, ती आईला विचारती, पत्रा कोण वाजवतंय. आमचं घर स्लॅबचं.

खांबावरच्या रेघा.

एक वीत.

मी गुडघे वाकवून — मीच — देवा, मीच दिलं तिचं माप. माझ्याच हातानं बारा रिबिटी ठोकल्या.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

काल सांजच्यानं पेटी उघडाय गेलो. अप्पा होडीत बसलेला, मधल्या फळीवर. आता रंग लागंल, म्हणला, हात लावू नको. हलंना.

एकट्याला जमणार न्हाय. सौरभला सांगितलं. सगळं. गुडघ्याचं बी. म्हणलं, माझं जाऊ दे, मी माफ केलं. पण आत वैष्णवी हाय. तुझ्या हातात तिची राखी हाय.

तो बसला मनगटाकडं बघत. मग माझा हात धरला आन् म्हणला, उद्या पाडवा हाय, अप्पा सकाळच्या पारी इंदापूरला सामानाला जाणार, मी ड्रिल काढून ठिवतो, दोघं मिळून बारा रिबिटी काढू, गाठी सोडू, दोरा पाण्यात देऊ. जोत्या, ती माझी बी बहीण हाय.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, मिठी मारली त्याला.

२२ ऑक्टोबर, बुधवार

सौरभ न्हाय. गाडी न्हाय.

ड्रिल न्हाय. छिन्नी न्हाय. हातोडा बी न्हाय. हत्यारांची पेटीच रिकामी. वैष्णवी सुटली तर पाणी परत त्याच्याच कानात, त्याचं भ्या त्याला.

अप्पा कुठं गेला न्हाय. दिवसभर होडीत. फळीवर. माझ्याकडं बघून हसतो, जेव लेका म्हणतो. मी अंगावर धावून गेलो तर ट्रेलर ओढाय बोलावलेल्या ट्रॅक्टरवाल्या दोघांनी मला धरला. म्हणले, ह्याच्या खोड्या ठाऊक हायत आमाला, सौरभनं सांगितलंय.

वैष्णवीला फोन केला. होडीजवळ येऊ नकोस म्हणलं. ती म्हणली, तुझी काय गंमत चाललीय ते सौरभनं सांगितलंय मला. आन् हसली.

अप्पा जरा उतरला तवा मागनं होडीचं पितळी बुच काढून घेतलं. बुचाशिवाय होडी पाण्यात जात न्हाय. खिशात हाय माझ्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

शेडात हाय. बाहेरनं कडी.

सौरभनं लावली. आत ये, ड्रिल घावलं म्हणला. मी आत शिरलो. शिरलो मी, परत.

पत्र्याला खिळ्याचं भोक हाय. डोळा लावून लिहितोय. अकरा वाजल्यात, लख्ख ऊन.

वैष्णवी आलीय. सौरभच्या गाडीवर. मोरपंखी ड्रेस. कानात कापूस. हातात ओवाळायचं ताट.

तिला सांगतोय तो, दादा पलीकडच्या काठाला थांबलाय, तुला गंमत दाखवणार हाय, होडीत बस. ऐकू येतंय मला. एवढ्या जवळ.

बोंबललो. पत्रा बडवला. सगळे हसले. ट्रॅक्टरवाला म्हणला, झालं सुरू नाटक. सौरभ पण हसला. वैष्णवी शेडाकडं बघून म्हणली, दादा पुरे की आता. मग पलीकडच्या काठाकडं बघाय लागली, गोंधळल्यागत. सौरभ म्हणला, ते मोबाईलमधलं वाजतंय, रेकॉर्ड करून ठिवलंय त्यानं. तुझ्या दादाचं ठाऊक न्हाय का.

फोन लावला. सौरभनं तिच्या हातातनं घेतला. माझ्याकडंच बघत बंद केला. भोकाकडं. त्याला ठाऊक हाय मी बघतोय.

त्याच्या मनगटाला राखी न्हाय. कापलीय.

बुच न्हाय म्हणून थांबतील — न्हाय. अप्पानं भोकात चिंधी कोंबली. ट्रॅक्टर मागं येतोय. माझ्या ट्रेलरच्या रोळ्या फिरत्यात. लोण्यागत. मीच केल्यात.

ती बसली. मधल्या फळीवर. बरोब्बर बसली. वल्ही तिच्या हाताला बरोब्बर.

बुच.

बुच होडीचंच हाय. होडीच्या अंगाचं.

नवं माप होडीच्या अंगाला लागलं की जुनं सुटतं — बनाबाई म्हणली होती —

सौरभची लडी पिशवीत हाय. तीच बांधावी. त्याचीच बांधावी त्याला. हातात धरली. पाची गाठी. माऊलीची आय कशी हात वर करून उभी होती.

बांधली असती तर कुणाला कळलं बी नसतं.

न्हाय. सोडल्या गाठी. दोरा मोकळा केला.

त्याच दोऱ्यानं माझं माप घ्याय भिंतीला पाठ लावली. घोटा. गुडघा. कंबर. खांदा. डोकं. ताठ उभा राहिलो. ह्या टायमाला गुडघे वाकवले न्हाईत. बुचाला बांधला, घट्ट.

ट्रेलर पाण्यात. होडी तरंगली. ती —

तिनं मान हलवली. कानातला कापूस काढला. बघतीय कापसाकडं. कोरडा. उठली. अप्पा ओरडतोय बस म्हणून. उतरली! गुडघाभर पाण्यात उतरली, ताट डोक्यावर. काठाकडं चाललीय. बनाबाईनं हात धरला तिचा. सौरभला ढकललं म्हातारीनं.

होडी मोकळीच आत चाललीय. उलट वळली. काठाकडं.

माझ्या कानात —

वैष्णवे. ही डायरी तुला घावंल. ह्यात खोटं न्हाय, तुझी शपथ होती. सौरभला ओवाळू नकोस. आईला सांग मी मुंबैला पळून —न्हाय. खरं सांग.

कडी काढाय बाहेर कोण न्हाय. पत्र्यावर टकटक. बाहेरनं न्हाय. पोचे येत्यात, चारचार, एका ओळीत —

दाराखालनं पाणी. गार न्हाय. कोमट हाय.

घोट्यापातूर. पयली गाठ.

ती हाक मारतीय. दादा म्हणतीय. आता तिला खरं वाटतंय, तिच्या आवाजात —

गुडघ्यापातूर आलं. मी ताठ हाय वैष्णवे, बघ, गुडघे मी